सहीविना परत आलेले टपाल

आमच्या कार्यालयात परत आलेल्या लिफाफ्यांची एक स्वतंत्र फाइल असते आणि त्या फाइलमधला एकही लिफाफा आम्ही फोडत नाही. पुण्यात एका वकिलांकडे नोटिसा पाठवणे, त्यांच्या पोचा सांभाळणे आणि पुढे त्या न्यायालयात दाखल करण्यासाठी तयार ठेवणे हे माझे काम आहे. ज्या नोटिशीची पोच सही होऊन येते तिच्याकडे नंतर फारसे कोणी पाहत नाही. जी नोटीस घेणाऱ्याच्या सहीविना, अंगावर पोस्टमनचा शेरा घेऊन परत येते, ती मात्र जशी आली तशी बंद ठेवावी लागते, कारण तिच्यावर बाहेर काय लिहिले आहे यावर पुढचा खटला उभा राहतो आणि आत आम्ही सांगतो तोच कागद होता हे दाखवायला न्यायालयासमोर उघडलेल्या बंद लिफाफ्यासारखा दुसरा सोयीचा पुरावा नसतो. सही घेतल्याशिवाय द्यायचे नाही असे टपाल दिलेच गेले नाही तर त्याचे काय होते, हे मला ओळखीतले लोक वरचेवर विचारतात. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना आपले टपाल कुठे अडकले याची काळजी असते आणि उरलेल्यांना एखादे टपाल कसे टाळता येईल याची. दोघांसाठी उत्तर एकच आहे, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवते.

सही लागणारे टपाल पोस्टमन प्रत्यक्ष दारात आणतो. दार बंद असेल किंवा ज्याच्या नावाचे टपाल आहे ती व्यक्ती घरी नसेल, तर त्याने तशी चिठ्ठी ठेवून टपाल परत कचेरीत न्यावे अशी पद्धत आहे. तिथे ते साधारणपणे सात दिवस ठेवले जाते. त्या मुदतीत ओळखपत्र घेऊन गेल्यास खिडकीवर सही करून ते मिळते, किंवा आपल्या सहीचे अधिकारपत्र देऊन दुसऱ्या कोणाला पाठवता येते. मुदत संपली की ते पाठवणाऱ्याकडे परत निघते. कागदावर ही व्यवस्था सुटसुटीत आहे. प्रत्यक्षात ती चिठ्ठी केबलवाल्याच्या आणि शिकवणीवर्गांच्या पत्रकांत मिसळून जाते, कचेरीची वेळ आणि नोकरदाराची वेळ जुळत नाही, आणि दोघेही नोकरी करणाऱ्या घरात दिवसाढवळ्या दार उघडायला कोणी असेल ही जुन्या टपालखात्याची अपेक्षा आता शहरात तरी फारशी खरी राहिलेली नाही.

मोठ्या गृहसंकुलांत आणखी एक माणूस मध्ये येतो, तो म्हणजे फाटकावरचा सुरक्षारक्षक. पोस्टमनला आत सोडायचे नाही, सगळे टपाल फाटकावरच्या वहीत नोंदवून घ्यायचे, असा नियम अनेक सोसायट्या करतात आणि मग सही रक्षकाची होते. ‘मी सही केलेलीच नाही’ असे सदनिकाधारक नंतर म्हणतो, पण ते वाटते तितके भक्कम नाही. १८९८ च्या भारतीय टपाल कायद्याच्या तिसऱ्या कलमात घरी किंवा कचेरीत दिलेले टपाल, तसेच नोकर, प्रतिनिधी किंवा नेहमीच्या रीतीप्रमाणे टपाल घेण्यास अधिकृत समजली जाणारी व्यक्ती यांच्या हाती दिलेले टपाल हे मूळ व्यक्तीलाच दिले असे समजावे, अशी तरतूद होती. वर्षानुवर्षे ज्या रक्षकाच्या हातून तुम्ही टपाल घेत आलात तो अचानक एका नोटिशीपुरता परका ठरत नाही. माझे मत विचाराल तर सोसायटीने सही लागणारे टपाल फाटकावर घेऊच नये. रक्षकाने घरी फोन करावा, आणि घरी कोणी नसेल तर पोस्टमनला तसे सांगून टपाल त्याच्याबरोबर जाऊ द्यावे. कचेरीत सात दिवस सुरक्षित राहणारी वस्तू फाटकावरच्या टेबलाखाली महिनाभर पडून राहण्यात कोणाचेच हित नाही.

टपाल परत फिरते तेव्हा पोस्टमन त्यावर शेरा लिहितो आणि माझ्या कामात सगळे लक्ष त्या शेऱ्यावर असते. ‘घेत नाही सबब परत’, ‘घर बंद सबब परत’, ‘मालक मिळत नाही सबब परत’, ‘पत्ता अपुरा’, ‘सदर पत्त्यावर राहत नाहीत’, ‘गाव सोडून गेले’, ‘मयत सबब परत’. यातला मालक म्हणजे घरमालक नव्हे, ज्याच्या नावाने टपाल आहे तो. खाली तारीख आणि आद्याक्षरे असतात, कधी एकाच लिफाफ्यावर दोन-तीन दिवसांच्या तारखा लागोपाठ असतात. अक्षर बहुधा घाईचे, शाई पावसाने फिसकटलेली, आणि वर परतीचा शिक्का नेमका शेऱ्यावरच मारलेला. तरीही उन्हातान्हात उभ्याउभ्या लिहिलेल्या त्या चार शब्दांना कायद्यात जे वजन आहे ते पाहून मला अजूनही नवल वाटते. सही मिळाली नाही तर सहीची जागा तो शेरा घेतो.

हे वजन कुठून येते ते सांगायला हवे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या सत्ताविसाव्या कलमानुसार योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, टपालाच्या नेहमीच्या क्रमाने पोहोचला असेल त्या वेळी बजावला गेला असे धरले जाते. सरकारी आणि सार्वजनिक कामे नेहमीच्या क्रमाने होतात असे न्यायालय गृहीत धरू शकते, ही तरतूद जुन्या पुरावा कायद्याच्या ११४ व्या कलमात होती आणि आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११९ व्या कलमात आहे. या दोहोंच्या आधारे ‘घेण्यास नकार’, ‘घर बंद’, ‘दुकान बंद’, ‘घरी नाहीत’ असे शेरे असलेल्या नोटिसा बजावल्या गेल्या असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी मानले आहे. १९९९ च्या के. भास्करन यांच्या प्रकरणात तर ‘मुदतीत कोणी न्यायला आले नाही’ या अर्थाच्या शेऱ्यासह परत आलेली नोटीसही बजावली गेली असे धरले गेले. सात दिवस टपाल कचेरीत पडून होते आणि तुम्ही नेले नाही, तर त्याचा तोटा पाठवणाऱ्याने का सोसावा, हा त्यामागचा साधा हिशेब आहे.

न वटलेल्या धनादेशांच्या प्रकरणांत हा हिशेब रोज मांडावा लागतो. धनादेश परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत मागणीची नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत देणेकऱ्याने पैसे द्यायचे, आणि ते दिले नाहीत तर त्यानंतरच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची, असा हा क्रम आहे. यात नोटीस मिळाल्याचा दिवस हा कणा आहे. तो दिवसच उगवू द्यायचा नाही, म्हणजे पोस्टमन दिसला की दार लावून घ्यायचे, असे धोरण ठेवणारे लोक मी खूप पाहिले आहेत, आणि हा सल्ला त्यांना कोणीतरी जाणत्या माणसानेच दिलेला असतो. सी. सी. अलवी हाजी यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २००७ मध्ये ही पळवाट बंद केली. ज्याला नोटीस खरोखरच मिळाली नाही त्याने न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत आणि तक्रार फेटाळण्याची विनंती करावी. जो तेव्हाही पैसे भरत नाही त्याला नोटीस मिळाली नव्हती ही सबब पुढे करता येणार नाही. दार लावून घेणाऱ्याचे होते काय, तर आपल्यावरचा आरोप नेमका काय आहे हे त्याला दीड-दोन महिने उशिरा कळते आणि तोपर्यंत तडजोडीने मिटवण्याची वेळ निघून गेलेली असते.

मात्र सगळे शेरे सारखे नाहीत. ‘पत्ता अपुरा’, ‘अशी व्यक्ती येथे नाही’, ‘सोडून गेले’ या शेऱ्यांनी परत आलेल्या लिफाफ्याचा पाठवणाऱ्याला काही उपयोग नाही, कारण वरच्या सगळ्या गृहीतकांचा पाया योग्य पत्ता हाच आहे आणि तोच इथे डळमळतो. तेव्हा नवा पत्ता शोधून नव्याने नोटीस पाठवावी लागते आणि ३० दिवसांची मुदत त्यासाठी थांबत नाही. म्हणून आम्ही एकाच माणसाला घरच्या, दुकानाच्या आणि करारात दिलेल्या अशा सर्व पत्त्यांवर एकाच दिवशी नोटिसा पाठवतो. शिवाय गृहीतक खोडताही येते. ‘त्या आठवड्यात मी रुग्णालयात होतो’ असे कोणी शपथेवर सांगून कागद दाखवले, किंवा ‘माझ्या घरी कोणी आलेच नाही’ असे म्हटले, तर पोस्टमनला साक्षीसाठी बोलावण्याची वेळ येऊ शकते. वर्षापूर्वीच्या एका बंद दाराबद्दल त्या माणसाने काय आठवून सांगावे अशी अपेक्षा असते, हे मला कळत नाही. त्याची खरी साक्ष लिफाफ्यावर आधीच लिहिलेली असते.

आता, दिले न गेलेले टपाल वाटेत असताना कोणाचे, हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे एक उत्तर कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीतून आलेले आहे. प्रभाकर कंदील बनवणारा ओगले यांचा काच कारखाना तेव्हाच्या औंध संस्थानात होता. भारत सरकारने त्यांच्याकडून कंदील घेतले आणि पैशांचे धनादेश दिल्लीहून टपालाने पाठवले. पैसे संस्थानात मिळाले की ब्रिटिश हिंदुस्थानात, यावर प्राप्तिकर लागणार की नाही हे ठरणार होते. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की घेणाऱ्यानेच धनादेश टपालाने पाठवायला सांगितले असेल तर टपालखाते हे घेणाऱ्याचे प्रतिनिधी होते आणि पेटीत टाकल्या क्षणी धनादेश त्याला पोहोचला असे समजायचे. तसे सांगितले नसेल तर खाते पाठवणाऱ्याचेच प्रतिनिधी राहते. ओगल्यांनी धनादेश पाठवण्याची विनंती केलेली होती, त्यामुळे पैसे दिल्लीत मिळाले असे ठरले आणि कर लागला. हा निवाडा धनादेशांपुरता आहे, पण त्यातला मुद्दा मला मोलाचा वाटतो: दारातली सही ही टपालाच्या प्रवासातली एक नोंद आहे, वस्तूची मालकी आणि तिची जोखीम त्याआधीच दोघांच्या बोलण्यातून ठरलेली असू शकते.

परतीच्या वाटेवरचे टपाल पाठवणाऱ्याच्या दारात येते तेव्हा त्याचीही सही लागते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. पाठवणाराच जागा बदलून गेला असेल, त्याने लिफाफ्यावर आपला पत्ता धड लिहिला नसेल किंवा परत आलेले तो घेतच नसेल, तर त्या टपालाला कोणीच वाली उरत नाही आणि ते परतपत्र कार्यालयाकडे जाते. पूर्वी याला मृतपत्र कार्यालय म्हणत आणि जुने कारकून अजूनही ‘डीएलओ’च म्हणतात. बंद टपाल उघडण्याचा अधिकार खात्यात कोणालाही नसतो, तो या कामासाठी खास नेमलेल्या आणि गुप्ततेने बांधलेल्या अधिकाऱ्याला असतो. आत कुठे नाव, पत्ता, एखादा फोन क्रमांक सापडतो का, हे पाहण्यासाठीच तो ते उघडतो आणि सापडला तर टपाल पुन्हा मार्गाला लावतो. १८९८ च्या कायद्याने शेवटची विल्हेवाटही सांगून ठेवली होती. धागादोरा न लागलेली पत्रे आणि पोस्टकार्डे नष्ट करायची. पैसे किंवा न नासणारी विकण्याजोगी वस्तू निघाली तर ती एक वर्ष जपून ठेवायची, आणि तेवढ्या काळात कोणी हक्क सिद्ध केला नाही तर पैसे खात्यात जमा करायचे आणि वस्तू विकून तिची रक्कम जमा करायची. तो कायदा आता गेला. १८ जून २०२४ पासून २०२३ चा टपाल कार्यालय अधिनियम लागू आहे आणि असा बारीक तपशील त्याने नियमांवर सोपवला आहे. जुन्या कायद्यातली पत्रे आणि पैसे यांच्यातली ही निवड वाचताना मला थोडे वाईट वाटते, कारण हरवलेल्या पत्राला एक वर्षाची सवलत मिळत नसे.

मराठी प्रकाशकांना या परतीची झळ वेगळ्या मार्गाने बसत आली आहे. १८७७ मध्ये सुरू झालेल्या व्ही.पी. पद्धतीत ग्राहकाने दारात पैसे मोजायचे, सही करायची आणि पार्सल घ्यायचे असते. दिवाळी अंक, पोथ्या, आयुर्वेदिक औषधे असे कितीतरी सामान पुण्या-मुंबईहून खेड्यापाड्यांत व्ही.पी.नेच जाई. मागवताना उत्साह असतो, पार्सल येते तेव्हा हातात पैसे नसतात किंवा घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला तो खर्च पटत नाही, आणि मग ‘घेत नाही सबब परत’. इथे नकार देणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. पाठवणाऱ्याचा टपालखर्च बुडतो आणि कोपरे दुमडलेली पुस्तके परत येतात. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ने माल विकणारे हेच रडगाणे गातात, तेव्हा हे दुखणे सव्वाशे वर्षांहून जुने आहे हे त्यांना कोणी सांगत नाही.

परदेशी पार्सलाचे उत्तर तर पाठवतानाच लिहून द्यायचे असते. लेकीसाठी किंवा मुलासाठी फराळाचा डबा टपालाने पाठवताना जकातीचा जो फॉर्म भरतात, त्यात पार्सल देता आले नाही तर काय करायचे हे खूण करून सांगायची जागा असते: परत पाठवायचे, की सोडून दिले असे समजायचे. बहुतेक जण रांगेत मागच्या माणसाच्या घाईने ‘परत पाठवा’वर खूण करतात. परतीचा खर्च पाठवणाऱ्याकडून वसूल होतो, आणि सातासमुद्रापार जाऊन आलेल्या चकल्यांसाठी तो भरणे हे व्यवहाराला धरून नाही. फराळ असेल तर ‘सोडून दिले’ हाच पर्याय शहाणपणाचा, कागदपत्रे किंवा दागिना असेल तर ‘परत पाठवा’.

पारपत्राची गोष्ट आणखी निराळी आहे. ते स्पीड पोस्टाने येते, अर्जदाराची ओळख पटवून त्याच्याच हाती द्यायचे असते, आणि देता आले नाही तर जिथून निघाले त्या पारपत्र कार्यालयात परत जाते. शेजाऱ्याची सही इथे चालत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची या ओळख पटवण्यात फार अडचण होते: टपाल माहेरच्या नावाने, दारावरची पाटी सासरच्या आडनावाची, आणि हातातले ओळखपत्र कधी एका, कधी दुसऱ्या नावाचे. अशा वेळी पोस्टमनने नियमावर बोट ठेवले तर त्याला दोष देता येत नाही. अर्ज करतानाच पत्त्यात ‘द्वारा’ लिहून दारावरच्या पाटीवरचे नाव घालावे, एवढे मात्र करता येते.

१ सप्टेंबर २०२५ पासून देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आणि आमच्या कार्यालयात काही दिवस गोंधळ होता, कारण करारांत, पोटनियमांत आणि कायद्यांत सगळीकडे ‘रजिस्टर टपालाने’ असेच लिहिलेले आहे. ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नव्या दरांत स्पीड पोस्टावर ५ रुपये आणि त्यावरचा कर जास्त भरून ‘नोंदणी’ घेता येते. तशी नोंदणी केलेले टपाल ज्याच्या नावाचे आहे त्याला किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीलाच देतात. तेवढीच रक्कम भरून ओटीपी सांगितल्यावरच टपाल द्यावे अशीही सोय आहे. नोटिशीसाठी मी नोंदणीच घ्यायला सांगते, ओटीपी नको म्हणते. ज्याला नोटीस टाळायची आहे तो ओटीपी सांगेलच कशाला?

खासगी कुरिअरने पाठवलेल्या नोटिशीला सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातले ते गृहीतक लागू होत नाही, कारण तिथे उल्लेख रजिस्टर टपालाचा आहे. दिवाणी समन्स उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या कुरिअरने पाठवता येते, ती वेगळी तरतूद. कुरिअरच्या माणसाने ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद आपल्या यंत्रात केली तर तिच्यामागे काय घडले हे शोधणे फार कठीण जाते. अशी नोंद दुपारी कोणी दाराशी न येताही होते, हा अनुभव शहरातल्या बहुतेक वाचकांना असेल.

टपालखात्याच्या संकेतस्थळावर टपालाचा माग दिसतो आणि हल्ली न्यायालयात पोचपावतीबरोबर त्याची छापील प्रतही जोडतात. ही नोंद तिथे कायम राहत नाही. नोटीस पाठवून दोन-तीन महिन्यांनी, तक्रारीचा मसुदा तयार झाल्यावर ती शोधायला गेले तर क्रमांक सापडत नाही असे उत्तर येते. म्हणून ज्या दिवशी ‘दिले’ किंवा ‘परत’ अशी नोंद दिसते त्याच दिवशी मी तिची प्रत छापते, कोणत्या संगणकावरून काढली ते लिहून ठेवते आणि संगणकावरची नोंद पुरावा म्हणून देताना लागणारे, साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालचे प्रमाणपत्र सही करून सोबत लावते. मूळ पावती, त्यावरचा शिक्का आणि परत आलेला लिफाफा एकाच फाइलीत ठेवते. लिफाफ्याला पंचिंग यंत्राची भोके पाडायची नाहीत, आणि शेऱ्यावर दाखल क्रमांकाची चिकटपट्टी लावायची नाही.